शोधणे वेगळे, पोचवणे वेगळे

पिअर-टू-पिअर जाळ्यांची तुलना करताना फक्त डाउनलोडचा वेग पाहिला, तर निम्मा हिशेब सुटतो. फाइल सापडणे आणि ती हाती पडणे ही दोन निराळी कामे आहेत. 1999 मध्ये आलेल्या नॅपस्टरने शोधाचे काम मध्यवर्ती यादीवर सोपवले. शोध झटपट लागे, पण न्यायालयीन लढाईत 2001 मध्ये ती यादी बंद पडली आणि जाळेच थांबले. ग्नुटेलाने अशी यादी टाळली. तिथे प्रत्येक विचारणा शेजारच्या संगणकांकडे, तिथून त्यांच्या शेजाऱ्यांकडे, अशी सहसा सात टप्पे पसरे. बरीच बँडविड्थ नुसत्या विचारणेतच खर्ची पडे. शिवाय 2000 मधल्या अदर आणि ह्युबरमन यांच्या अभ्यासात सुमारे 70 टक्के वापरकर्ते काहीच देत नसल्याचे दिसले.

ब्रॅम कोहेन यांच्या बिटटोरंटने, 2001 मध्ये, शोध अंगावर घेतलाच नाही. सारी बुद्धी वाटपावर लावली. फाइलचे तुकडे करायचे, ज्याच्या प्रती सर्वांत कमी तो तुकडा आधी उचलायचा, देणाऱ्याला झुकते माप द्यायचे आणि साधारण दर 30 सेकंदांनी एखाद्या नवख्यालाही संधी द्यायची. म्हणून लिनक्सच्या नव्या आवृत्तीवर झुंबड उडाली तरी जाळे गुदमरत नाही. प्रत्येक नवा ग्राहक आपले अपलोडही घेऊन येतो. यावर आक्षेप असा, की जुन्या, कमी मागणीच्या फाइलचे काय? आक्षेप खराच आहे. पूर्ण प्रत असलेले सगळे निघून गेले आणि एक तुकडा कुणाकडेच उरला नाही, तर डाउनलोड 99 टक्क्यांवरच अडकून राहते. माझ्या मते म्हणूनच बिटटोरंटला सरसकट सर्वोत्तम म्हणता येत नाही. गर्दीच्या फाइलसाठी मात्र या तिघांत तेच सरस ठरते.