मराठी टायपिंग : कोणता कीबोर्ड, कोणता फॉन्ट, आणि जुन्या फाइलींचे काय?

सभासदांकडून तीन तक्रारी वारंवार ऐकू येतात. "बाबांनी लिहिलेल्या आठवणी पेन ड्राइव्हवर आहेत, पण फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरे दिसतात." "स्मरणिकेसाठी लेख पाठवला, तर समोरच्याकडे त्याचा कचरा झाला." आणि तिसरी, "फोनवर ळ कुठे असतो हो?" तिन्हींचे मूळ जवळपास एकच आहे. मराठी लिहिण्यासाठी आपण कोणते साधन वापरतो आणि त्यातून मजकूर कशा रूपात साठतो, हे आपल्याला कधी कोणी सांगितलेले नसते. दुकानातून फोन आला, त्यात हिंदी होती, आपण त्यावर मराठी लिहू लागलो. इंदूरमध्ये तर हे फारच सहज होते, कारण दोन्ही भाषांची लिपी एक.

लिपी एक असली तरी कीबोर्ड एक नाही. हिंदीसाठी केलेला कीबोर्ड शब्द सुचवताना हिंदी शब्दकोश वापरतो. तुम्ही 'मूळ गाव' लिहायला जाता आणि तो 'मूल' पुढे करतो. मराठीत मूळ वेगळे आणि मूल वेगळे. वेळ आणि वेल, गोळा आणि गोला, काळा आणि काला, सगळीकडे तीच गत. आडनावांचे काय होते ते आपण पाहतोच. केळकरांचे केलकर आणि काळ्यांचे काले होऊन दोन पिढ्या झाल्या. ते हिंदी शाळेतल्या हजेरीपटाने केले, आपला त्यात इलाज नव्हता. पण स्वतःच्या फोनवर स्वतःचे आडनाव नीट लिहिता येऊ नये, याला कारण उरलेले नाही.

म्हणून पहिले काम. फोनच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये भाषा म्हणून हिंदी असेल, तर तिच्यासोबत मराठी जोडा. अँड्रॉइड फोनवर बहुतेकांकडे गूगलचा जीबोर्ड असतो. त्याच्या सेटिंगमध्ये 'लँग्वेजेस'मध्ये जाऊन कीबोर्ड जोडायचा आणि मराठी निवडायची. आयफोनवर सेटिंग, जनरल, कीबोर्ड या वाटेने जायचे. पैसे लागत नाहीत.

जीबोर्डवर मराठी निवडताना साधारण दोन प्रकार समोर येतात. एकात देवनागरी अक्षरेच मांडलेली असतात. दुसऱ्यात इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे टाइप करायचे आणि त्याची मराठी होते. तरुण मंडळींना दुसरा आवडतो, कारण बोटांना इंग्रजीची सवय असते. चार ओळींच्या निरोपाला तो उत्तम. पण त्यात सुचवलेल्या शब्दांतून योग्य तो निवडायची सवय हवी. इंग्रजी अक्षरांत 'मला', 'माला' आणि 'माळा' हे तिन्ही शब्द सारखेच लिहिले जातात, तेव्हा पहिला सुचवलेला शब्द डोळे मिटून घेतला तर अर्थाचा अनर्थ ठरलेला. ज्यांना हे नको त्यांनी देवनागरी मांडणी घ्यावी. आठवडाभर चाचपडायला होते, मग बोटे आपोआप जातात.

तिसरा मार्ग बोलून लिहिण्याचा. गूगलने २०१७ मध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी ही सोय आणली. ज्यांची नजर अधू आहे किंवा बोटे आखडतात, अशा ज्येष्ठांसाठी मला हाच मार्ग सर्वांत चांगला वाटतो. अट एकच, बोलण्याची भाषाही मराठीच निवडलेली हवी. ती हिंदी राहिली तर यंत्र तुमचे मराठी हिंदी शब्दांत बसवायला पाहते, आणि जे उमटते ते कोणत्याच भाषेतले नसते. विशेषनामे मात्र नंतर हाताने तपासावीत.

आणखी एक सूचना, जिचा मराठीशी संबंध नाही पण बँकेतला माणूस ती केल्याशिवाय राहणार नाही. सुंदर अक्षरांचे, देवादिकांच्या चित्रांचे, कोणत्यातरी अनोळखी कंपनीचे कीबोर्ड फुकट मिळतात म्हणून उतरवून घेऊ नका. आपण जे जे टाइप करतो ते ते कीबोर्डच्या हातून जाते, पासवर्ड आणि कार्डाचा क्रमांकसुद्धा. बाहेरचा कीबोर्ड सुरू करताना अँड्रॉइड स्वतः तसा इशारा देतो. आपण तो न वाचता 'ओके' दाबतो, एवढेच.

आता संगणकाकडे येऊ. महिन्याकाठी एखादे पत्र लिहिणाऱ्याला विंडोजमधला मराठी फोनेटिक कीबोर्ड पुरेसा आहे. तो विंडोज १० मध्ये २०१९ च्या सुधारणेपासून आयताच मिळतो. सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली, की विंडोजचे बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अशी ये-जा करता येते. पण जे मंडळाचे इतिवृत्त लिहितात, लेख लिहितात, घराण्याची हकीकत लिहायला बसले आहेत, त्यांनी इनस्क्रिप्ट शिकावे असे माझे स्पष्ट मत आहे. ही मांडणी केंद्र सरकारने १९८६ मध्ये प्रमाणित केली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. इंग्रजी के च्या कळीवर क, आणि शिफ्टसह दाबली तर ख. ल आणि ळ एकाच कळीवर आहेत, एन च्या. साधी दाबली तर ल, शिफ्टसह ळ. यात सुचवणे वगैरे काही नाही. जे दाबाल तेच उमटते, आणि जोडाक्षर म्हणजे मध्ये हलन्ताची एक कळ.

इनस्क्रिप्टचा आणखी एक फायदा महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्यांना विशेष आहे. सगळ्या भारतीय भाषांसाठी मांडणी तीच असते. बडोद्याच्या आपल्या नातेवाइकांना गुजराती लिहायची असली किंवा बेळगावकरांना कन्नड, तरी क त्याच कळीवर आणि म त्याच कळीवर. एकदा बोटांना लागले की दुसऱ्या लिपीसाठी नवे शिकावे लागत नाही.

मराठीतला एक अवघड पाहुणा म्हणजे 'ऱ्य'. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना दक्षिणा द्यायची असते आणि आचाऱ्यांना पानांची संख्या सांगायची असते. कार्यक्रमपत्रिकेत यांची अदलाबदल झाली तर गंमत होते. हिंदीला हा ऱ लागत नाही, म्हणून हिंदी कीबोर्डवर तो सहसा समोर दिसत नाही. इनस्क्रिप्टवर जे च्या कळीवर र आहे, शिफ्टसह तीच दाबली की ऱ येतो. मग हलन्त आणि य. फोनवरच्या मराठी मांडणीत र वर बोट दाबून धरून पाहावे.

ल आणि श ही अक्षरे आपल्या मराठी पुस्तकांतल्यासारखी दिसत नाहीत म्हणून काहीजण अस्वस्थ होतात. तो दोष टायपिंगचा नाही. अक्षर तेच असते, फॉन्ट हिंदी वळणाचा असतो. फॉन्ट बदलला की वळण बदलते.

खरी अडचण असते ती डोळ्यांना न दिसणारी. माझ्या आयुष्याला चिकटलेला शब्द घ्या : बँक. हा शब्द ब वर चंद्रबिंदू देऊन लिहिता येतो, आणि ब वर अर्धचंद्र व पुढे वेगळा अनुस्वार देऊनही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसू शकतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. सभासद-सूचीत व्यवसायाच्या रकान्यात निम्म्यांनी एक आणि निम्म्यांनी दुसरा वापरला असेल, तर 'बँक' शोधल्यावर निम्मेच बँकवाले सापडतील. 'ॲ'चेही तसेच. त्याला स्वतःचे स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वी लोक अ वर अर्धचंद्र चढवून काम भागवत आणि अजूनही कित्येकजण तसेच करतात. त्यामुळे जिथे अनेक हात एकाच सूचीवर काम करतात तिथे असे पाचदहा शब्द कसे लिहायचे ते आधी ठरवून घ्यावे.

आता जुन्या फाइलींचा प्रश्न. माझ्या मते या सगळ्यात निकडीचा हाच आहे.

नव्वदच्या दशकात संगणकाला मराठी अक्षरे मुळात माहीतच नव्हती. तेव्हा फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रे बसवली. महाराष्ट्रात श्री-लिपी, शिवाजी, आकृती असे फॉन्ट चालले. आपल्या हिंदी पट्ट्यात कृतिदेव सगळीकडे पसरला आणि मराठीचे कामही पुष्कळदा त्यातच होई. कृतिदेवमध्ये 'राम' लिहिले की फाइलमध्ये साठतात ती जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरे. कृतिदेव असलेल्या संगणकावर ती 'राम' दिसतात. फॉन्ट नसला की जे, के, ई. म्हणजे फाइल बिघडलेली नसते. तिच्यात मराठी कधी नव्हतीच, मराठीचा मुखवटा होता.

युनिकोडने हा प्रकार संपवला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत. विंडोज २००० पासून मंगल फॉन्टसह ती आपल्या संगणकांवर आली. फोनवर आज आपण जे लिहितो ते सगळे युनिकोडच. पण छापखाने आणि टायपिस्ट बराच काळ जुन्या फॉन्टवरच राहिले, आणि मंडळांच्या स्मरणिका, संमेलनांची भाषणे, कोणी कष्टाने केलेल्या वंशावळी त्याच रूपात पडून आहेत. आपल्यापैकी काही घरांत होळकरशाहीतले मोडी कागद पेटीत आहेत आणि ते वाचणारा शोधावा लागतो. त्याला शंभर-दीडशे वर्षे जावी लागली. या फाइलींच्या बाबतीत तेच पंचवीस वर्षांत होऊ घातले आहे. (मोडीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, हे जाता जाता.)

तुमची फाइल कोणत्या जातीची आहे हे ओळखणे सोपे आहे. त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसली तर निश्चिंत राहा. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसली तर ती जुन्या फॉन्टची. मग वर्डमध्ये फाइल उघडून मजकुरावर क्लिक करा आणि वरच्या फॉन्टच्या चौकटीतले नाव लिहून ठेवा. फॉन्ट तुमच्या संगणकावर नसला तरी नाव तिथे दिसते. हे नाव म्हणजे कुलपाची किल्ली आहे. कृतिदेवचा परिवर्तक श्री-लिपीच्या फाइलीवर चालवला तर कचऱ्यातून दुसरा कचरा निघतो.

कृतिदेवसारख्या प्रचलित फॉन्टमधून युनिकोड करून देणारे परिवर्तक इंटरनेटवर मोफत मिळतात. मजकूर चिकटवायचा, बटण दाबायचे, पलीकडे मराठी येते. पण त्यावर लगेच विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे जशी डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठत, म्हणजे 'कि' मध्ये वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, आधी क, मग वेलांटी. परिवर्तकाला हा क्रम उलटवावा लागतो आणि चुका तिथेच होतात. ऱ्हस्व वेलांटी, रफार, ऱ्य आणि जोडाक्षरे बारकाईने तपासा. ज्याने मूळ मजकूर वाचला आहे अशा माणसाने तपासलेला बरा. स्मरणिकेतली जुनी नावे ओळखणारी माणसे अजून आपल्यात आहेत, तोवर हे काम उरकायला हवे.

सभासदांचे पत्ते, फोन, खाते क्रमांक असलेल्या याद्या मात्र अशा संकेतस्थळांवर चिकटवू नयेत. पलीकडे कोण बसले आहे हे आपल्याला कळत नाही. त्या घरी बसून नव्याने टाइप कराव्यात, कंटाळा आला तरी.

काही स्मरणिका पेजमेकरमध्ये जुळवलेल्या असतात. त्या सॉफ्टवेअरची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ ची. आजच्या संगणकावर त्या फाइली उघडायची खटपट करण्यापेक्षा छापील अंक शोधणे शहाणपणाचे. जुन्या फॉन्टची पीडीएफ असेल तरी तोच उपाय, कारण ती दिसते नीट पण कॉपी केली की पुन्हा इंग्रजी अक्षरे. छापील पानाचा सपाट, भरपूर उजेडातला फोटो किंवा स्कॅन घ्या, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि तिथे ती फाइल गूगल डॉक्सने उघडा. वर चित्र आणि खाली ओळखलेला मजकूर मिळतो. स्वच्छ छपाई असेल तर काम पुष्कळ हलके होते. दोन रकान्यांचे पान असेल तर एकेका रकान्याचा वेगळा फोटो घ्या, नाहीतर ओळी एकमेकींत घुसतात. हाताने लिहिलेल्या वहीसाठी मात्र हा मार्ग धरू नका. ती वाचून कोणी तरी बोलावी आणि फोनने लिहून घ्यावी, हे जास्त लवकर होते. आजी वाचतात आणि नात फोन धरते, अशी जोडी त्याला उत्तम.

रूपांतर झाल्यावर मूळ फाइल पुसू नका. तिच्यासोबत तो जुना फॉन्टही त्याच फोल्डरमध्ये ठेवा, आणि फाइलीच्या नावातच फॉन्टचे नाव लिहा. उद्या एखाद्या ओळीबद्दल शंका आली तर मूळ पाहता येईल. नवी फाइल निदान दोन ठिकाणी असावी, एक घरच्या संगणकावर आणि एक मुलाबाळांपैकी कोणाकडे. आणि छापील अंकांचा गठ्ठा दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देण्यापूर्वी मंडळाच्या कार्यालयात एक फोन करा. कित्येक वर्षांचे अंक आता कोणा ना कोणाच्या माळ्यावरच उरलेले आहेत.