फोन कोणाच्या हातात?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी कविता लिहिते. शिक्षण बी.ए.पर्यंत झालं. वकिली मला येत नाही, कोर्टाची पायरीही कधी चढले नव्हते. तरी गेल्या वर्षी २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर असे सोळा दिवस मी रोज मोबाईलवर कायद्याविषयी चार ओळी लिहिल्या. त्यात काय साधलं आणि माझं कुठे चुकलं, ते आज सांगावंसं वाटतं.

आधी या तारखांविषयी. डोमिनिकन प्रजासत्ताक या कॅरिबियन देशात त्रुहियो नावाचा हुकूमशहा होता. त्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्या तीन मिराबाल भगिनींची २५ नोव्हेंबर १९६० रोजी हत्या झाली. हा दिवस स्त्रियांवरच्या हिंसेचा निषेध म्हणून पाळायचं लॅटिन अमेरिकेतल्या कार्यकर्त्या स्त्रियांनी १९८१ साली ठरवलं. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याला मान्यता दिली. १० डिसेंबर हा मानवी हक्क दिन. या दोन तारखा जोडणारी सोळा दिवसांची मोहीम १९९१ पासून चालते. बाईला मारणं हा घरातला खासगी मामला नाही, तो माणसाच्या हक्काचा प्रश्न आहे, एवढंच तिचं सांगणं.

पूर्वी अशा मोहिमेत पत्रकं वाटायची, चौकात पथनाट्य व्हायचं. आता फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप आलं. एका मैत्रिणीने आग्रह केला आणि मी सामील झाले. पहिले दोन दिवस कविता टाकल्या. भरपूर अंगठे आले, फुलं आली, 'वा, आपा' आलं. पण कवितेला वाहवा मिळाली म्हणून कोणाच्या पाठीवरचा मार चुकत नाही. तिसऱ्या दिवसापासून मी कायदा सोप्या शब्दांत लिहू लागले.

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. हिंसा म्हणजे केवळ मारहाण असं तो मानत नाही. शिव्या, अपमान, लैंगिक जबरदस्ती, खर्चाला पैसे न देणं, तिची कमाई काढून घेणं, हे सगळं त्यात येतं. पत्नीच नव्हे, तर आई, बहीण, विधवा सून यांनाही त्याचा आधार आहे.

हे वाचून आमच्या सोलापुरातल्याच एका मुलीचा निरोप आला. ती घरी विड्या वळते. नवरा पुण्याला कामाला, महिन्यातून एकदा येणार. सासरचे म्हणत, घर सासऱ्याच्या नावावर आहे, तू नीघ. तिनं विचारलं होतं, "आपा, ये कानून अपने वास्ते बी है क्या?"

प्रश्न वाचून मी गप्प झाले. कायदा होऊन इतकी वर्षं लोटली, तरी तो आपल्यासाठी आहे की नाही हेच तिला ठाऊक नव्हतं. मी लगेच सविस्तर लिहिलं. हो, हा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. घर तुझ्या नावावर असण्याची गरज नाही. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही, सून तिथे नांदत असेल तर, या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं आहे. तू संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार कर, असंही लिहिलं.

थोड्या वेळाने निळ्या खुणा दिसल्या. मला वाटलं, तिनं वाचलं. वाचलं होतं तिच्या दिरानं. फोन घरात एकच, तोही त्याचा. त्याच रात्री तिला दोन मुलांसह बाहेर काढलं. हे मला बारा दिवसांनी कळलं, तिची अम्मी माझ्या दारात आली तेव्हा. तोवर मी रोज नेमाने लिहीत होते आणि अंगठे मोजत होते.

अम्मीने मला बोल लावला नाही. ती इतकंच म्हणाली, "आता काय करायचं, ते सांगा."

मग आम्ही तिघी जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलो. स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. संरक्षण अधिकाऱ्याने घडलेल्या प्रकाराचा अहवाल लिहून घेतला. अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे गेला. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत द्यावी आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, आम्हालाही लागला. पण अंतरिम आदेश मिळाला. आज ती त्याच घरात एका खोलीत राहते आणि मुलं पूर्वीच्याच शाळेत जातात. दीर अजून बोलत नाही. दावा चालू आहे.

यंदाही मी लिहिणार आहे, पण रीत बदलून. माहिती सर्वांसाठी उघड लिहायची, म्हणजे ती अमुक एकीसाठी आहे असं कोणाला वाटू नये. मात्र कोणी मदत मागितली, तर आधी विचारायचं, हा फोन तुझाच आहे का? बोलायला ही वेळ ठीक आहे का? बाकीचं समोरासमोर, विडी कारखान्यात माल द्यायला येते तेव्हा किंवा दवाखान्यात. आणि क्रमांक तोंडपाठ करून घ्यायचे. स्त्रियांसाठी १८१, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००, जीव धोक्यात असेल तर ११२. पाठ केलेला आकडा कोणी हिसकावून घेऊ शकत नाही, आणि त्यावर निळ्या खुणाही उमटत नाहीत.