विडीचा धूर आणि फुप्फुसांचा राखणदार

पोलादपूरच्या डोंगरवाड्यांची चढण चढताना एखादा वृद्ध दर वळणावर धापा टाकीत थांबला, की आपण वयाला दोष देतो. पुष्कळदा तो दोष वर्षानुवर्षे ओढलेल्या विडीचा असतो. ‘विडीने छाती काळी होते’ एवढेच वर्गात सांगून भागणार नाही. आत काय घडते, ते शिक्षकांनी समजून घ्यावयास हवे.

फुप्फुसांतील कोट्यवधी वायुकोशांच्या भिंतींत इलॅस्टिन या प्रथिनाचे लवचिक तंतू असतात. श्वास घेताना ते ताणतात, सोडताना आखडतात. जंतू आत शिरले म्हणजे रक्तातील श्वेतपेशी धावून येतात आणि इलॅस्टेज नावाचा पाचक पदार्थ सोडतात. तो जंतूंबरोबर हे तंतूही तोडू शकतो. त्यास आवरणारे प्रथिन यकृतात तयार होऊन रक्तावाटे फुप्फुसांत पोचते. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे त्याचे नाव. १९६३ साली स्वीडनमधील लॉरेल व एरिक्सन यांनी पाच व्यक्तींच्या रक्तात त्याची मोठी उणीव असल्याचे दाखविले. त्यांपैकी तिघांचे वायुकोश विकाराने ग्रासलेले होते.

अशी जन्मजात उणीव विरळाच. विडी ओढणारा मात्र धडधाकट राखणदाराचे हात आपणच बांधतो! हे प्रथिन म्हणजे ३९४ अमिनो आम्लांची साखळी. तिच्या ३५८ व्या स्थानी मेथिओनिन असते आणि इलॅस्टेज नेमके तेथेच पकडले जाते. धुरातील द्रव्यांमुळे त्या मेथिओनिनशी ऑक्सिजनचा संयोग होतो व पकड ढिली पडते. शिवाय धुरामुळे श्वेतपेशी अधिक संख्येने जमतात. म्हणजे तोडणारे वाढतात आणि आवरणारा दुबळा होतो. भिंती फाटून अनेक कोशांची एकच ढिली पोकळी बनते. आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. सीओपीडी या दीर्घकालीन श्वसनविकारातील धापेचे हे एक मोठे कारण होय.

चुलीच्या धुरात जन्म काढलेल्या, विडीला कधी न शिवलेल्या स्त्रियांनाही हा विकार जडतो. तेव्हा महाडकडील पालकसभांत सारा रोख विडीवाल्यांवरच ठेवू नये.

फाटलेले कोश पुन्हा सांधत नाहीत. तथापि विडी सोडल्यावर पुढील झीज मंदावते. साठीनंतर सोडणाऱ्यासही लाभ होतो. ‘आता सोडून काय उपयोग?’ असे म्हणणाऱ्या आजोबांना नातवाकडून हा निरोप अवश्य पोचवावा.

मुलांना समजावण्यास जुन्या चड्डीचे इलॅस्टिक पुरे. नवे ताणून सोडले की झटकन आखडते. झिजलेले तसेच लोंबत राहते.