वॉटरशेडमधली शेड

वॉटरशेड म्हटलं की पाण्याच्या टाकीवरचं पत्र्याचं छप्पर डोळ्यांपुढे येतं. पण या शेडचा पत्र्याशी काडीचाही संबंध नाही. विलग करणे या अर्थाचं एक जुनं क्रियापद त्यात दडलंय, आणि मूळचा घाट जर्मन शब्दाचा आहे. पाणी जिथून दोन दिशांना फुटतं, ती डोंगराची धार म्हणजे वॉटरशेड.

आपला सह्याद्री अशीच धार. महाबळेश्वरच्या माथ्यावरचा पाऊस सावित्रीला मिळाला, तर कोकणात उतरून अरबी समुद्र गाठतो. तोच कृष्णेला मिळाला, तर जेमतेम 64 किलोमीटरवरच्या त्या समुद्राकडे पाठ फिरवून सुमारे 1,400 किलोमीटरची वाट धरतो, थेट बंगालच्या उपसागरापर्यंत!

अमेरिकेत वायोमिंगमधल्या टू ओशन पास या खिंडीजवळ तर एकच ओढा दुभंगतो. एक फाटा स्नेक आणि कोलंबिया नद्यांतून पॅसिफिकला जातो. दुसरा यलोस्टोन, मिझुरी, मिसिसिपी करत मेक्सिकोच्या आखातात. एवढं नवल ज्यांच्या देशात, त्या अमेरिकनांनी मात्र या धारेला 'डिव्हाइड' म्हटलं आणि वॉटरशेड हे नाव देऊन टाकलं धारेच्या आतल्या सगळ्या प्रदेशाला, ज्याचं पाणी एका नदीत उतरतं. बांधाचं नाव वावराला! ब्रिटिश भूगोलात मात्र ती रेषाच राहिली.

मराठीत धार ती जलविभाजक आणि प्रदेश तो पाणलोट. इंग्रजीपेक्षा ही सोय मला सरस वाटते. आपल्याकडे समतल चर आणि नालाबांधाची कामं 'माथा ते पायथा' करणारे कार्यकर्ते वॉटरशेड म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात पाणलोटच असतो.

इतिहासकार हाच शब्द काळाला कलाटणी देणाऱ्या घटनेसाठी वापरतात. ब्रिटनच्या टीव्हीवर तर वॉटरशेड म्हणजे रात्रीचे नऊ. मुलांनी पाहू नयेत असे कार्यक्रम त्यानंतरच.

आणि खरी धार तरी अढळ कुठे आहे? कोयना ही पूर्ववाहिनी नदी, कराडला कृष्णेला मिळणारी. पण तिच्या धरणातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे सोडलं जातं. ते वीज निर्माण करून वाशिष्ठीत पडतं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं.