उपाशी कुत्र्याचं जठर आणि एरिथ्रोमायसिन

एरिथ्रोमायसिनची गोळी घेतली की अनेकांच्या पोटात कळ येते, मळमळतं. औषध १९५२ पासून बाजारात आहे. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या मातीतल्या जिवाणूपासून ते निघालं. ती माती १९४९ साली एली लिली कंपनीकडे पाठवणाऱ्या डॉ. अबेलार्डो अगिलार यांना रॉयल्टी मिळाली नाही, हा अन्याय प्रतिजैविकांच्या इतिहासात फारच दबक्या आवाजात सांगितला जातो. मला मात्र वर्षानुवर्षं नाद लागला आहे तो त्या कळेचा. ३० वर्षं तिची बोळवण ‘दुष्परिणाम’ म्हणून होत राहिली. तिचा माग काढला जपानमधल्या गुन्मा विद्यापीठातल्या झेन इतो यांनी. त्यांचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भूल दिलेल्या प्राण्याचं आतडं नेहमीसारखं चालत नाही. म्हणून इतो कुत्र्याच्या जठराच्या आणि आतड्याच्या बाहेरच्या बाजूला ताण मोजणारे चिमुकले संवेदक शिवत आणि त्यांच्या तारा कातडीखालून पाठीवर आणत. जखम भरली की कुत्रा जागा असताना, झोपेत, खाताना, उपाशी असताना तासन्‌तास आलेख निघत राही. जेवणानंतर त्यात बारीक लाटांची अखंड रांग दिसे. पोट रिकामं झालं की बराच वेळ शांतता. मग साधारण दीड-दोन तासांनी जठरातून जोरकस लाटांचा एक पट्टा उठे आणि सावकाश लहान आतड्याच्या टोकापर्यंत उतरत जाई, घर झाडत दारापर्यंत यावं तसा. व्हँकुव्हरच्या जॉन ब्राउन यांनी डुकराच्या आतड्यातून मोटिलिन हे २२ अमिनो आम्लांचं संप्रेरक वेगळं केलं होतं. ते उपाशी कुत्र्याच्या शिरेत सोडलं की हा पट्टा वेळेआधीच उठतो, हे इतोंच्या गटाने १९७० च्या दशकातच दाखवलं होतं.

१९८४ साली त्यांनी मोटिलिनच्या जागी एरिथ्रोमायसिन दिलं. पट्टा तसाच उठला, तसाच खाली गेला. गोळीनंतरच्या कळेचा माग इथे लागला. माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे हा आलेख.

आता प्रश्न असा, की हे औषध शरीराकडून मोटिलिन सोडवून घेतं की स्वतःच मोटिलिनच्या जागी जाऊन बसतं? एक अमिनो आम्लांची साखळी, दुसरं शर्करा जोडलेलं मोठं कडं. दोघांचं रूप जुळत नाही. तरीही १९८९ साली बेल्जियममधल्या लूव्हेनच्या पीटर्स यांनी सशाच्या ऊतींवर दाखवलं की पेशीवरच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटलेल्या किरणोत्सारी मोटिलिनला एरिथ्रोमायसिन हुसकावून लावतं. पुढच्याच वर्षी लूव्हेनच्याच डॉक्टरांनी जठर मंदावलेल्या १० मधुमेहींना शिरेतून २०० मिलिग्रॅम औषध दिलं. एरवी दोन तासांनंतर घन अन्नापैकी सरासरी ६३ टक्के जठरात पडून राहायचं, ते ४ टक्क्यांवर आलं. पुढे सातोशी ओमुरा, म्हणजे २०१५ चे नोबेलविजेते, यांनी जिवाणू न मारता फक्त आतडं हलवणारी संयुगं तयार केली. रोज घेण्याजोगं औषध मात्र त्यातून आलं नाही. एरिथ्रोमायसिनचाही हा गुण सलग घेतल्यावर ओसरत जातो.

इतोंनी प्रयोगशाळेतले नेहमीचे उंदीर घेतले असते तर? माउस आणि रॅट या दोन्ही उंदरांमध्ये मोटिलिनचं चालतं जनुकच नाही. स्वस्त आणि हाताशी असलेल्या प्राण्यावर विसंबून किती गोष्टी आपल्या नजरेतून सुटल्या असतील, या विचाराने मी अस्वस्थ होतो.

कुत्र्यांवरचे प्रयोग खर्चिक आणि क्लेशकारक, म्हणून जपानच्याच सैतामा विद्यापीठात लहान प्राण्याचा शोध सुरू झाला. निवड झाली ती चिचुंद्रीची. आपल्या माजघरात भिंतीच्या कडेने चूंचूं करत पळणारी, वासामुळे मांजरही जिला तोंड लावत नाही, तीच ही. ती उंदरांच्या गणातली नाही. उंदराला ओकता येत नाही, हिला येतं. तिच्या रिकाम्या जठरातही लाटांचा तसाच पट्टा उठतो आणि मोटिलिनला ती जोरात प्रतिसाद देते. उंदरात जी दिसलीच नसती अशी गोष्टही तिने दाखवली. भुकेचं संप्रेरक घ्रेलिन एकटं दिलं तर तिच्या जठराचा बाहेर काढलेला तुकडा ढिम्म राहतो. आधी मोटिलिनचा अगदी थोडा अंश दिला, की त्याच घ्रेलिनने तो आकसू लागतो.