हवा कुठे गेली?

सिन्नर, चांदवड, देवळ्याकडे उन्हाळ्यात बोअर मारताना कधीकधी असं होतं की शंभर-दीडशे फुटांवर तोंडातून उसळणारी राखाडी भुकटी एकाएकी थांबते. कंप्रेसर पूर्ण ताकदीने धडधडत असतो, वर मात्र काही येत नाही. हवा गेली! मग केसिंग खाली सरकवून फट झाकायची आणि पुढे निघायची घाई सुरू होते. या घाईत एक आयती माहिती हातची जाते. हवा नेमकी किती फुटांवर गेली, हा आकडा पाणी शोधणाऱ्याच्या दृष्टीने त्या दिवसातला सर्वांत मोलाचा असतो.

रॉडच्या पोकळीतून खाली गेलेली हवा हॅमर चालवते, बिटच्या तोंडाशी बाहेर पडते आणि रॉडभोवतीच्या मोकळ्या जागेतून दगडाचा चुरा घेऊन वर येते. चुरा उचलायला हा झोत सेकंदाला साधारण 15 मीटरच्या वर लागतो. वेग 20 असताना निम्मी हवा फटीत शिरली, तर वर यायला उरतो 10. चुरा हॅमरभोवती परत बसतो आणि हॅमर अडकतो, म्हणून रिगवाल्याची धास्ती रास्तच आहे. यावर फेस करणारं द्रावण पाण्यातून सोडतात. फेस कमी वेगातही चुरा वर आणतो. तेवढ्याने भागलं नाही, तरच केसिंगकडे वळावं.

नाशिकच्या जमिनीखाली सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर आहेत. थराच्या मध्यभागी घट्ट काळा पाषाण, माथ्याला बुडबुड्यांचा मांजऱ्या आणि दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल गेरूचा पट्टा. अखंड पाषाणात हवेला शिरायला वाव नाही. मांजऱ्याची भोकंही बहुधा झिओलाइटने बुजलेली असतात. खनिजं जमवणाऱ्यांना त्यांचं अप्रूप, पाण्याला मात्र ती अडसर. म्हणजे हवा गेली, की बिटला एकमेकींना जोडलेल्या भेगा किंवा दोन थरांमधला मोकळा सांधा लागला, असंच बहुतेक वेळा समजावं. शेजारच्या बोअरमधून त्याच वेळी हवा फुसफुसली, तर दोन्हींचा झरा एकच असल्याचा पुरावाही हाती आला.

यावर पहिला आक्षेप असा की फट कोरडीही असू शकते. खरं आहे, पाण्याची पातळी फटीच्या खाली असेल तर हवा जाईल आणि थेंबही येणार नाही. पण 20 बार दाबाची हवा जवळजवळ 200 मीटर उंचीचं पाणी रेटू शकते. फटीतलं पाणी तिने मागे ढकललेलं असेल, तर त्या क्षणी बोअर कोरडीच दिसणार. कंप्रेसर बंद करून पातळी चढते का हे पाहिल्याशिवाय निकाल देणं उतावीळपणाचं. दुसरा आक्षेप, एका बोअरच्या फटीचा पुढच्या बोअरला काय उपयोग? उभी भेग असेल तर फारसा नाही. थरांचा सांधा असेल तर मात्र तो बराच आडवा पसरतो. तेव्हा खोली जमिनीपासून न मोजता समुद्रसपाटीच्या हिशेबात मांडावी: वरचं शेत 10 मीटर उंच असेल, तर तिथे तोच सांधा साधारण 10 मीटर जास्त खोल लागेल.

तेलविहिरीचा दाखला देऊन कुणी म्हणेल, तिथे तर फट तत्काळ बुजवतात. बुजवतात, तिथे हवेऐवजी फिरवल्या जाणाऱ्या चिखलात अक्रोडाच्या टरफलांचा चुरा आणि अभ्रकसुद्धा कालवून. कारण चिखलाचा स्तंभ खचला की तळाचा दाब घटतो आणि वायू उसळण्याचा धोका असतो. आपल्या कातळातल्या पाण्याच्या बोअरला ही भीती नाही. उलट कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे इथे 2017 मध्ये 3 किलोमीटर खोल गेलेल्या छिद्रात, परत येणाऱ्या चिखलातले हेलियमसारखे वायू मोजून खडकाचा अंदाज घेतला गेला. वर काय येतं याला तिथे एवढं मोल, मग काय येत नाही यालाही असायला हवं.

फट बुजवणं नेहमीच चूक, असं मात्र नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा गावाच्या विहिरीच्या खालच्या अंगाला छिद्रं घेऊन भेगांमध्ये सिमेंटचा घोळ भरते, जेणेकरून पाणी निसटू नये. पण त्यालाही भेग किती फुटांवर आहे ते ठाऊक असावं लागतं. रिगच्या वहीत तारीख, शेताचा गट क्रमांक आणि हवा गेली तो फूट, एवढ्या तीन रकान्यांना खर्च शून्य आहे. 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटर किंवा त्याहून अधिक खोलीच्या विहिरींना आळा घातला आहे. वरची ओली फट केसिंगआड दडवून पाचशे फुटांकडे धावणाऱ्याने निदान ती फट कुठे होती, ते तरी लिहून ठेवावं.