ओलं तूस, लाल शीट
आषाढात खुराड्याचं छप्पर गळलं, तूस भिजलं आणि आठवडाभरात महिन्याच्या पिल्लांची शीट लाल झाली. आई म्हणाली, हळद दे. दिली, पिल्लं पंख पाडून तशीच बसलेली. ही रक्ती हगवण. शिटेतून पडलेले जंतू ओल्या उबदार तुसात दोनेक दिवसांत तयार होतात आणि पिल्लं नेमकं तेच टिपतात. डॉक्टरांनी दिलेलं अँप्रोलियम पाण्यातून पाजलं. पण निम्मं काम फावड्याचं! ओलं तूस खरवडून बाहेर, खाली चुना, वर कोरडं तूस. पाण्याचं भांडं विटेवर. हिरवट शीट आणि वाकडी मान दिसली तर मात्र हळदीत वेळ घालवू नका. ती मानमोडी, तिला औषध नाही, लासोटा लशीचा थेंब पहिल्या आठवड्यातच पडायला हवा. माझी तीन पिल्लं गेली. उरलेली नऊ परसातल्या मेथीचा फडशा पाडताहेत.